अर्धवट चित्र कुठे ठेवायचं?

चित्र काढायचंय, क्ले घेऊन बसायचंय, कॅलिग्राफी शिकायचीय. पण ‘घरात जागाच नाही’ म्हणून रंगांची पिशवी माळ्यावर टाकलीय? मग हे वाचा. वन बीएचकेतही आपला कोपरा होतो. फक्त त्यासाठी सुताराच्या आधी घरच्यांशी बोलावं लागतं.

एक खरं सांगा. तुमच्या घरात माळ्यावर, नाहीतर बेडच्या बॉक्समध्ये अशी एक पिशवी आहे ना? सुकून दगड झालेले पोस्टर कलर, केस वाकडे झालेले ब्रश, एलिमेंटरीच्या वेळचं क्लिप लावलेलं पॅड आणि निम्मं कोरं राहिलेलं स्केचबुक.

माझीही होती. इंटरमिजिएटला ए ग्रेड आली तेव्हा घरात पेढे आले होते. मग ‘दहावी होऊ दे, मग बघू’ झालं. मग ‘बारावी होऊ दे’. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी एकदा नेटाने परत सुरू केलं आणि दोन महिन्यांत बंद केलं. त्यानंतर चार वर्षं ती पिशवी माळ्यावर. कुणी विचारलं, ‘तू चित्रं काढायचीस ना गं?’ तर माझं उत्तर ठरलेलं, ‘वेळच नाही मिळत.’

हे खोटं होतं. रोज रात्री दोन तास मोबाइलवर रील्स बघायला वेळ होताच की!

खरं कारण मला या पानासाठी लिहायला बसल्यावर कळलं. आमच्या घरात चित्र काढायला बसणं म्हणजे काय होतं, ते बघा. आधी डायनिंग टेबलावरचं सगळं उचलायचं. त्यावर जुना पेपर पसरायचा. माळ्यावरून पिशवी काढायची, पाणी आणायचं, रंग मांडायचे. यात वीस मिनिटं गेली. साडेआठला जेवायची वेळ, म्हणजे सव्वाआठला सगळं परत उचलायचं. मध्ये काम झालं जेमतेम पाऊण तास. आणि ओलं चित्र कुठे ठेवायचं? फ्रिजवर? तिथे दुधाच्या पिशव्यांची कूपनं. बेडवर? तिथे झोपायचंय. एकदा मी अर्धं झालेलं लँडस्केप वॉशिंग मशिनवर ठेवलं. सकाळी त्यावर ओली बादली होती. चूक कुणाचीच नव्हती. बादलीची जागा तीच होती, चित्राचीच नव्हती. त्या दिवशी पिशवी वर गेली.

तर मुद्दा हा. कलेसाठी जागा हवी म्हणतो तेव्हा आपल्याला मोठी खोली लागत नसते. काम अर्धवट टाकून उठता येईल आणि उद्या ते जिथे होतं तिथूनच सुरू करता येईल, एवढीच सोय लागते. ती दोन फुटांत होत असेल तर दोन फुटांचा स्टुडिओ. आणि ती नसेल तर तीन बेडरूमच्या फ्लॅटमध्येही पिशवी माळ्यावरच जाणार.

मोठ्यांच्या छोट्या जागा

इन्स्टावर दिसतात ते स्टुडिओ आधी डोक्यातून काढा. पांढऱ्या भिंती, उंच खिडक्या, कुंडीतलं मॉन्स्टेरा. बघायला छान असतं ते. पण त्याची वाट बघत बसलो तर आपली पन्नाशी येईल.

फ्रिदा काहलो ही मेक्सिकोची जगप्रसिद्ध चित्रकार. १९२५ मध्ये, अवघ्या अठराव्या वर्षी, बसच्या अपघातात तिला भयंकर दुखापत झाली. उठता येत नव्हतं. आईने पलंगावर बसेल असा खास ईझल करून घेतला, वर आरसा लावला. फ्रिदा पडल्या पडल्या आरशात बघून स्वतःलाच रंगवायला लागली. तिचा स्टुडिओ म्हणजे एक पलंग.

नीटनेटकं असलंच पाहिजे असंही नाही. लंडनचा चित्रकार फ्रान्सिस बेकन १९६१ पासून १९९२ मध्ये वारला तोपर्यंत एकाच छोट्या खोलीत काम करायचा. खोलीत गुडघाभर पसारा. फाटके फोटो, रंगाचे डबे, चिंध्या, आणि भिंतींवरच मिसळलेले रंग. त्याच्यानंतर ती अख्खी खोली भिंतींसकट उचलून डब्लिनच्या ह्यू लेन गॅलरीत नेली आणि २००१ मध्ये लोकांना बघायला खुली केली. उचलताना मोजल्या तेव्हा सात हजारांहून जास्त वस्तू निघाल्या! आईने ‘काय हा पसारा’ म्हटलं की हे उदाहरण द्यायला हरकत नाही. उपयोग होईलच असं नाही.

एवढं लांब कशाला, काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरीबाहेर जा. फुटपाथवर बसून समोरच्याचं पोर्ट्रेट काढून देणारे कलाकार दिसतील. स्टूल, बोर्ड, पेन्सिली. अख्खा स्टुडिओ एका पिशवीत मावतो आणि रोज त्याच फुटपाथवर उघडतो.

आधी मोजा, मग मागा

आता तुमच्या घराकडे वळू. टेप घ्या आणि खरोखर मोजा. ए थ्री कागद साधारण ३० बाय ४२ सेंटिमीटरचा असतो. तो, शेजारी रंग, पाणी आणि कोपर टेकायला जागा, एवढं धरलं तर दोन फूट बाय तीन फूट पुरतं. घरात एवढा तुकडा कुठे कुठे आहे? खिडकीची खोल कड, बंद केलेली गॅलरी, दाराआडचा कोपरा, कपाटाच्या बाजूची चिंचोळी पट्टी. हॉस्टेलवर किंवा पीजीत असाल तर बेडखाली सरकणारा एक बोर्डसुद्धा चालेल.

मी मोजलं तेव्हा आमच्या डोंबिवलीच्या घरात एकच जागा निघाली. हॉलच्या खिडकीतलं दादाचं स्टडी टेबल. दादा आता नोकरी करतो, लॅपटॉप मांडीवर घेऊन सोफ्यावर बसतो. टेबलावर इस्त्रीचे कपडे. मी रात्री जेवताना विषय काढला.

‘मग इस्त्रीचे कपडे कुठे ठेवायचे?’ बाबा म्हणाले.

‘ते माझं टेबल आहे,’ दादा म्हणाला. वापरत नसला तरी!

आई काहीच बोलली नाही. भाजी वाढून झाल्यावर म्हणाली, ‘त्या खिडकीत आधी माझी मशीन होती.’

मला एकदम आठवलं. शिलाई मशीन तिथेच होती. दादा दहावीत गेला तेव्हा त्याच्या टेबलासाठी ती घडी होऊन बेडखाली गेली. ‘दहावी झाली की परत काढू’ असं ठरलं होतं. त्याच्या दहावीला आता नऊ वर्षं झाली. मी चार वर्षं ‘मला जागा नाही’ म्हणत होते आणि त्याच घरात आई नऊ वर्षं ते म्हणतसुद्धा नव्हती.

हे घरगुती रडगाणं म्हणून नाही सांगत. घरात जागा कुणाला मिळते, याचा एक न लिहिलेला नियम असतो. परीक्षेला मिळते, नोकरीला मिळते, पाहुण्यांना मिळते. ‘आवडतं म्हणून’ करायच्या गोष्टीला मिळत नाही. म्हणून ती मागावी लागते. आणि मागताना ‘मला स्टुडिओ हवाय’ म्हणू नका. ‘हा तुकडा, एवढ्या मापाचा, आणि त्यावरचं सामान मी अमुक ठिकाणी हलवेन’ असं सांगा. आम्ही इस्त्रीच्या कपड्यांसाठी बेडरूमच्या दारामागे हँगर लावला. दादाचं टेबल माझं झालं. म्हणजे माझं आणि आईचं. मशीन बेडखालून निघाली.

एक टेबल, दोघींचं अर्धवट काम

आता नवा पेच. अर्धवट काम तसंच ठेवता आलं पाहिजे, हा माझाच नियम. पण टेबलावर दुपारी आई शिवणार, रात्री मी रंगवणार. मग?

उपाय साधा निघाला. कागद टेबलावर ठेवायचाच नाही, बोर्डवर चिकटवायचा. सुताराकडून उरलेल्या प्लायचे ए थ्रीपेक्षा थोडे मोठे दोन तुकडे कापून घेतले आणि कडा घासून घेतल्या. कागद मास्किंग टेपने चारही बाजूंनी बोर्डवर. उठायची वेळ झाली की बोर्डच उचलायचा आणि टेबलावरच्या भिंतीतल्या फळीवर आडवा सरकवायचा. चित्र ओलं असलं तरी चालतं. आईचं कापलेलं ब्लाउज, दोरा, टाचण्या एका ट्रेमध्ये. तिचा ट्रे, माझे बोर्ड. मांडायला आता वीस मिनिटांऐवजी दोन मिनिटं लागतात. फळी, ब्रॅकेट, टेप, दिवा धरून माझा खर्च इंटर्नशिपच्या पहिल्या स्टायपेंडमध्ये बसला, आणि स्टायपेंड किती असतो ते इंटर्न मंडळींना माहीत आहे.

सामान कसं लावायचं, हे बघायचं असेल तर गणपतीआधी पेणला जा. तिथले कारखाने म्हणजे कितीतरी ठिकाणी राहती घरंच असतात. तरी गोंधळ होत नाही. कारण जागा कामाच्या टप्प्यांप्रमाणे वाटलेली असते. साच्यातून काढलेल्या मूर्ती एकीकडे, सुकणाऱ्या वेगळीकडे, रंगकाम पुढे आणि डोळ्यांची आखणी जिथे उजेड चांगला आणि येजा कमी तिथे. आपणही तेच करायचं. टेबलावर तीनच गोष्टी: आज लागणारे रंग, ब्रश, पाणी. हात लांब केला की मिळेल अशा ठिकाणी पेन्सिली, टेप, फडकं. महिन्यातून एकदा लागणारं सगळं खालच्या खोक्यात, आणि खोक्यावर मोठ्या अक्षरात नाव. खोकं बंद असलं की आत काय आहे ते आपण विसरतो. मला एकाच निळ्या रंगाच्या तीन ट्यूब सापडल्या!

उजेड, पाठ आणि पाणी

उजेड डावीकडून येऊ द्या, डावखुरे असाल तर उजवीकडून. नाहीतर आपल्याच हाताची सावली कागदावर पडते. उत्तरेची खिडकी मिळाली तर उत्तम. तिथून दिवसभर साधारण एकसारखा उजेड येतो, थेट ऊन फारसं येत नाही. मुंबईकडे मे मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्यही थोडा उत्तरेकडून जातो, तेवढे दिवस पातळ पडदा लावायचा. खिडकी दक्षिणेची किंवा पश्चिमेची असेल तरी पांढरा पडदा निम्मं काम करतो.

रात्री काम करणाऱ्यांनी बल्बच्या खोक्यावरचे दोन आकडे वाचावेत. एक ‘के’चा. २७०० ते ३००० के म्हणजे पिवळा उजेड. त्यात पांढऱ्या कागदावरचा पिवळा रंग दिसतच नाही, निळा मळकट दिसतो. ६५०० के म्हणजे निळसर पांढरा. ४००० ते ५००० केच्या आसपासचा रंगकामाला बरा. दुसरा आकडा सीआरआय. रंग किती खरे दिसतील, ते तो सांगतो. ९० किंवा त्याहून जास्त मिळाला तर घ्या. नाही मिळाला तर रात्री आकार आणि शेडिंग करा, रंग सकाळच्या उजेडात तपासा.

पाठ सांभाळा. कागद टेबलावर सपाट ठेवून वाकून बसलं की तासाभरात मान धरते. बोर्डखाली दोन जाड पुस्तकं घालून तो तिरका करा. टेबल नसेल तर जमिनीवर मांडी घालून, समोर पाट किंवा चौरंग आणि त्यावर तिरका बोर्ड. जुन्या पेढ्यांवर मुनीम उतरत्या डेस्कवर दिवसदिवस लिहायचे, ते उगाच नाही.

पाण्याच्या दोन बरण्या ठेवा. पहिलीत रंगलेला ब्रश धुवायचा, दुसरीत शेवटचं खळबळून घ्यायचं. ब्रश पाण्यात उभा ठेवून विसरू नका. केस वाकतात आणि मुठीजवळचा गोंद सुटतो. धुऊन आडवा वाळवा, वाळल्यावरच केस वर करून उभा ठेवा. अ‍ॅक्रिलिकचं गढूळ पाणी थेट बेसिनमध्ये नको. रंग वाळला की त्याचं प्लॅस्टिक होतं आणि पाइप चोंदतो. पाणी तसंच ठेवा, गाळ खाली बसला की वरचं ओता आणि गाळ पेपरात पुसून कचऱ्यात टाका. बेसिन तुंबलं तर तुमचा कोपरा गेलाच म्हणून समजा!

हे मात्र हसण्यावारी नेऊ नका

ऑइल पेंट करणार असाल तर टर्पेंटाइन लवकर पेट घेतं. स्वयंपाकघरात, गॅसजवळ, देवघरातल्या समईजवळ ते आणायचंच नाही. खिडकी उघडी हवी, फक्त पंखा पुरत नाही. जवसाचं तेल लागलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना तापतं आणि चिंध्यांचा बोळा आपोआप पेटू शकतो. चिंध्या पसरून मोकळ्या हवेत वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. बंद खोली आणि शेजारी झोपलेली आजी असेल तर सरळ जलरंग, पोस्टर किंवा अ‍ॅक्रिलिक घ्या.

ब्रशला टोक काढायला तो ओठांत धरायची सवय अनेकांना असते. मलाही होती. काही रंगांत कॅडमियमसारखे घातक धातू असतात, तेव्हा ही सवय आजच सोडा. चहाचा कप आणि रंगाची बरणी दिसायलाही वेगळी हवी. मी एकदा चहात ब्रश बुडवलाय. उलटं झालं नाही, हे नशीब.

आणि पाऊस! आपल्याकडे जून ते सप्टेंबर कागद ओल धरतो, वाकतो, त्यावर बुरशीचे ठिपके येतात. कागद बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. सपाट, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये किंवा पत्र्याच्या ट्रंकेत, सोबत बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या. चित्र पूर्ण वाळल्याशिवाय मात्र आत टाकायचं नाही.

तरीही जागा नाहीच निघाली तर?

काही घरांत खरंच निघत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं असतील तर मी कोणत्या तोंडाने फळी लावा म्हणू? मग कोपरा पिशवीत करा. ए फाइव्ह स्केचबुक, दोन पेन्सिली, छोटा जलरंगाचा डबा, पाणी भरता येणारा ब्रश. अर्धवट काम वहीतच राहतं, वही पिशवीत. नाशिकच्या गोदाघाटावर, वाईच्या घाटावर पोरं बोर्ड घेऊन लँडस्केप करत बसलेली असतात, त्यांना कुठे छप्पर असतं? कॉलेजचं रिकामं वर्ग, सोसायटीचं ऑफिस, एखाद्या मित्राची गच्ची, विचारून बघा. दोघा-तिघांनी मिळून मागितलं तर ‘हो’ लवकर मिळतं, हा माझा अनुभव आहे.

शेवटी एक कबुली. कोपरा झाला म्हणजे चित्रं छान झाली, असं नाही. चार वर्षांनी काढलेलं माझं पहिलं चित्र वाईट होतं. खिडकीतून दिसणारी समोरची बिल्डिंग, आणि ती एका बाजूला झुकलेली. आधी असतं तर फाडून, पिशवी भरून मोकळी झाले असते. पण बोर्ड फळीवर होता. दुसऱ्या दिवशी परत काढला, तिसऱ्या दिवशी परत. बिल्डिंग अजून झुकलेलीच आहे, पण तिच्या गॅलरीतले वाळत घातलेले कपडे बरे जमलेत.

आईचंही पहिलं ब्लाउज दोनदा उसवून झालंय. ‘हात गेला माझा,’ म्हणत होती. ते सध्या ट्रेमध्ये अर्धवट आहे. बाबांनी काल विचारलं, ‘हे कधी होणार पूर्ण?’ आई म्हणाली, ‘होईल. असू दे तिथंच.’

तुमची पिशवी आज रात्री खाली काढा. टेप शोधा. आणि जेवताना विषय काढताना आधी आजूबाजूला बघा, आणखी कुणाची मशीन, कुणाची पेटी, कुणाची वही बेडखाली पडलीय का ते. फळी लावायचीच आहे तर दोघांची लावा.